नट आवळला तरी तेल का गळते?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातील जाणत्या शेतकऱ्यांनी बांधलेले शेकडो तलाव आजही इथल्या धानाला पाणी देतात. पुढे हे तलाव मालगुजारांकडे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ते सरकारकडे आले. म्हणून त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' किंवा थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात.

तलाव म्हटला की गाळ आलाच. २०१७ मध्ये राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाल्यापासून गाळ काढण्याचे काम गावोगावी दिसते. पाणी आटल्यावर एप्रिल-मे महिन्यांत हे काम होते आणि मृगाचा पाऊस येण्याआधी ते संपवावे लागते. हाताशी असतात फार तर पाच-सहा आठवडे. पुढे भरण्याची बादली आणि मागे खोदण्याचा हात असलेले पिवळे यंत्र तलावात उतरते. त्याचे नाव बॅकहो लोडर, पण गावात सगळे त्याला 'जेसीबी'च म्हणतात. यंत्र जुने असले की एक तक्रार हमखास ऐकू येते : गिअरबॉक्सच्या तेलाचा पाइप कूलरला जिथे जोडला आहे, तिथून तेल गळते. नट आवळला, पुन्हा आवळला, तरी गळतेच.

ही तक्रार आपण वर्गातल्या विज्ञानाने सोडवून पाहू. दाब, घर्षण, उष्णता, कंपने, धातूंचे गुणधर्म असे पाठ्यपुस्तकातले निम्मे धडे या एका नटापाशी भेटतात.

गिअरबॉक्सला कूलर कशाला?

लाखनी तालुक्यात गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. साध्या ट्रकच्या गिअरबॉक्सला सहसा वेगळा कूलर लागत नाही. दात्यांची एक जोडी शक्ती पुढे देताना शंभरातला एखाद-दुसरा भागच वाया घालवते. तेवढी उष्णता गिअरबॉक्सच्या लोखंडी पेटीतून हवेत निघून जाते.

बॅकहो लोडरचे तसे नाही. त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेल्या डब्यात समोरासमोर ठेवलेली दोन पाती अशी कल्पना करा. एक पाते इंजिन फिरवते. त्याने भिरकावलेले तेल दुसऱ्या पात्यावर आदळते आणि ते फिरू लागते. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर दुसरा हळूहळू फिरतो, तसेच हे. गाळात बादली घुसते आणि चाके जवळजवळ थांबतात, तेव्हा पहिले पाते जोरात फिरत असते आणि दुसरे अडकलेले असते. अशा वेळी इंजिनाने दिलेली शक्ती तेल घुसळण्यातच जाते, म्हणजे तिची उष्णता होते.

किती उष्णता? समजा, २० किलोवॅट शक्ती तेलात जात आहे आणि तेल १५ लिटर, म्हणजे सुमारे १३ किलो आहे. १ किलो तेल १ अंशाने तापवायला साधारण २ किलोज्यूल लागतात. तेव्हा सगळे तेल १ अंशाने तापायला २६ किलोज्यूल लागतील. दर सेकंदाला २० किलोज्यूल मिळत असतील तर एका सेकंदात तापमान सुमारे पाऊण अंशाने वाढेल आणि मिनिटभरात ४६ अंशांनी! प्रत्यक्षात चालक बादली काही सेकंदच रेटतो आणि पेटीचे लोखंडही थोडी उष्णता घेते, म्हणून इतके होत नाही. तरीही मे महिन्यात, हवाच ४५ अंशांवर असताना, दिवसभर हे काम चालले तर तेल थंड करण्याची सोय हवीच. म्हणून तेल एका पाइपातून रेडिएटरजवळच्या कूलरकडे नेतात आणि दुसऱ्या पाइपातून परत आणतात. स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या मोटारींतही अशीच व्यवस्था असते.

तेल कमी झाले की उरलेल्या तेलावर भार पडतो. ते जास्त तापते, त्याचे ऑक्सिडीकरण वेगाने होते आणि रबरी सील कडक होतात. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हे आपण शिकवतोच. छोट्या गळतीने मोठा गिअरबॉक्स जळतो तो असा.

थेंबांचा हिशोब

गळती 'थोडीशीच' आहे असे म्हणण्याआधी ती मोजावी. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. तेलाचा थेंब त्याहून लहान असतो, म्हणून ३० थेंब धरू. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर मिनिटाला २ मिलिलिटर, तासाला १२० मिलिलिटर आणि १० तासांच्या दिवसात १.२ लिटर तेल जाईल. १५ लिटरांतले सव्वा लिटर एका दिवसात!

हे तेल जाते कुठे? तलावाच्या पोटात. पाऊस आला की ते पाण्यावर तरंगते. १ लिटर तेलाचा १ मायक्रॉन जाडीचा थर पसरला तर तो १००० चौरस मीटर, म्हणजे पाव एकर पाणी झाकेल. ज्या तलावात मासे आणि शिंगाडे घेतले जातात, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात आलेली असते. सकाळी यंत्र सुरू करताना गळती नसते, दुपारी सुरू होते. याचे कारण तेलाच्या विष्यंदितेत, म्हणजे त्याच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधात आहे. ४० अंशांवरून १०० अंशांवर जाताना अशा तेलाची विष्यंदिता साधारण पाचपटीने कमी होते. म्हणजे त्याच फटीतून, त्याच दाबाने, पाचपट तेल निघते. फट तपासायची तर यंत्र गरम असतानाची गळती पाहिली पाहिजे. मात्र हात लावायचा तो यंत्र थंड झाल्यावरच.

तेल अडवते कोण?

आता मुख्य प्रश्न. नट आवळतो तेव्हा तेल नेमके कुठे अडते? बहुतेक जण उत्तर देतात, 'आट्यांमध्ये'. इथेच चूक होते.

जुन्या यंत्रांत आणि गाड्यांत नेहमी आढळणारी जोडणी म्हणजे फ्लेअर. पाइपाचे टोक तुतारीसारखे बाहेर उमलवलेले असते. समोरच्या तुकड्यावर कोनाच्या आकाराचे नाक असते. पाइपावर चढवलेला नट आवळला की उमललेले टोक त्या नाकावर दाबले जाते. तेल अडते ते या दोन कोनांच्या मधल्या बारीक कड्यापाशी. आट्यांचे काम फक्त दाबून धरण्याचे.

एक काटकोन त्रिकोणी कागद पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याची तिरकी कड पेन्सिलीवर आट्यासारखी वर चढत जाते. म्हणजे आटा हा गुंडाळलेला उतारच. उतारावरून जड वस्तू कमी जोरात वर चढते, तसाच पान्यावरचा थोडा जोर नटापाशी मोठा होतो. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर १५ किलो वजनाइतका, म्हणजे १५० न्यूटन जोर लावला तर पीळ (टॉर्क) ३० न्यूटन-मीटर होतो. इंजिनिअर एक ढोबळ सूत्र वापरतात : पीळ = ०.२ × दाबून धरणारे बल × आट्यांचा व्यास. व्यास १८ मिलिमीटर धरला तर बल येते सुमारे ८३०० न्यूटन, म्हणजे ८५० किलो वजनाइतके! आणि हे मिळते ते पान्यावरच्या श्रमाचा साधारण नव्वद टक्के भाग घर्षणात गेल्यावर.

हे बल किती जागेवर पडते? कडे १३ मिलिमीटर व्यासाचे आणि १ मिलिमीटर रुंदीचे धरू. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१ चौरस मिलिमीटर. कोनाचा उतार सोडून दिला तर दाब येतो दर चौरस मिलिमीटरला २०० न्यूटन, म्हणजे २००० बार. आणि कूलरकडे जाणाऱ्या तेलाचा दाब समजा ५ बार आहे. कड्यावरचा दाब तेलाच्या दाबाच्या ४०० पट झाला.

या आकड्यापाशी थोडे थांबू. साधा आवळलेला नट जर ४०० पट दाब देत असेल, तर गळतीचे कारण 'कमी आवळला' हे क्वचितच असणार. नट खरोखर सैल झाला असेल तर गोष्ट वेगळी. पण एकदा नीट आवळूनही गळत असेल, तर दोष जोरात नाही, कड्यात आहे. कडे कुठेतरी तुटले आहे. एखादा ओरखडा, वाळूचा कण, तडा, किंवा तिरपा बसलेला पाइप यांमुळे एका जागी धातूला धातू टेकतच नाही. बारीक फटीतून जाणारे तेल फटीच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. जाडी दुप्पट झाली तर गळती आठपट. म्हणून नखाला न जाणवणारा ओरखडाही पुरतो.

आणि म्हणूनच जास्त आवळण्याने आधी थोडा फरक पडल्यासारखा वाटतो, फट किंचित मिटते. पण पुढे उमललेले टोक चेपून पातळ होते, कडक बनते, चिरते. कूलर ॲल्युमिनियमचा असेल तर त्याचे आटेच निघून येतात. शंभर-दोनशे रुपयांचे काम हजारांवर जाते.

भंडाऱ्याचे पितळ आणि पावसाळ्यातले तडे

जुन्या यंत्रांत काही नट आणि जोडण्या पितळी असतात. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते, तेव्हा इथल्या वाचकांना पितळेचा स्वभाव नवा नाही. पितळ पोलादापेक्षा मऊ, म्हणून ते समोरच्या पृष्ठभागाशी चांगले जुळवून घेते. पण ठोकून किंवा वाकवून ते कडक होते. भांडी घडवणारा कारागीर ठोकता ठोकता मध्येच भांडे भट्टीत तापवतो, ते याचसाठी. तापवल्याने धातूतले स्फटिक नव्याने रचले जातात आणि आतला ताण निघून जातो.

हा ताण आत राहिला तर काय होते, हे ब्रिटिश अमदानीत भारतातच दिसले होते. सैन्याची पितळी काडतुसे तबेल्यांजवळ साठवलेली असत. पावसाळा आला की त्यांना आपोआप तडे जात. म्हणून या दोषाला इंग्रजीत 'मोसमी तडे' अशा अर्थाचे नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचे कारण मांडले : जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेत उरलेला ताण हे तिन्ही एकत्र आले की तडा जातो. जस्ताचे प्रमाण १५ टक्क्यांहून जास्त असलेल्या पितळेला हा धोका विशेष असतो.

आता जुने यंत्र पावसाळ्यात गोठ्याच्या कडेला उभे आहे आणि त्याचा पितळी नट गरजेपेक्षा जास्त आवळलेला आहे, असे समजा. अमोनिया आहे, दमटपणा आहे, ताणही आहे. पुढच्या उन्हाळ्यात नटावर उभी चीर दिसली तर नवल नाही. असा नट बदलायचाच असतो, त्याला आवळून उपयोग नाही.

दुरुस्ती : क्रमाने आणि कारणासह

१. यंत्र सपाट जागी उभे करावे. बादली आणि मागचा हात जमिनीवर टेकवावा, चाकांना ओट लावावी, इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि तेल थंड होऊ द्यावे. उचललेल्या बादलीखाली कोणीही कधीही जाऊ नये.

२. गळती कोणत्या पाइपाची, हे आधी ठरवावे. बादली उचलणाऱ्या हायड्रॉलिक पाइपांत २०० बारच्या आसपास दाब असतो. त्यातल्या सुईएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. गळती शोधायला हात फिरवू नये, पुठ्ठा धरावा. तेल असे अंगात गेले तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे.

३. जोडणी पुसून कोरडी करावी आणि तिच्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे आणि पूड कुठून ओली झाली ते पाहावे. थेंब पडतो तिथेच गळती असते असे नाही. पंख्याच्या वाऱ्याने तेल पाइपावरून बरेच मागे सरकते.

४. नट सोडवताना दोन पाने वापरावेत. एकाने कूलरकडचा तुकडा धरून ठेवावा, दुसऱ्याने नट फिरवावा. न्यूटनचा तिसरा नियम इथे लागू होतो. एकच पाना वापरला तर पीळ पाइपाला किंवा कूलरला बसतो. नटाला सगळीकडून धरणारा पाना असावा, नाहीतर कोपरे झिजतात. खाली भांडे ठेवून तेल गोळा करावे आणि उघडी टोके स्वच्छ बुचाने बंद करावीत.

५. दोन्ही कोन पुसून भिंगाखाली पाहावेत. नीट बसलेल्या जोडणीवर अखंड चकचकीत कडे दिसते. ते जिथे तुटलेले दिसेल, तिथे दोष. कूलरकडचे नाक खरवडलेले असेल तर तो तुकडा बदलावा. पाइपाचे टोक चिरले असेल तर पाइप काटकोनात कापून, आतली-बाहेरची धार काढून, नवे टोक उमलवावे. नट आधी पाइपावर चढवायला विसरू नये! पोलादी पाइपाचे टोक दुहेरी दुमडून उमलवतात. एकेरी टोक लवकर चिरते.

६. फ्लेअरच्या आट्यांना टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नये. तेल आट्यांत अडतच नाही, मग पट्टीचा उपयोग काय? उलट तिचे तुकडे आत जाऊन गिअरबॉक्समधले बारीक मार्ग अडवतात. निमुळत्या आट्यांची जोडणी वेगळी. तिथे आटेच तेल अडवतात, म्हणून तिथे उत्पादकाने सांगितलेले सीलंट चालते. ओ-रिंग असलेल्या जोडणीत रबरी कडे नवे घालावे. बाहेरून लुकण लावणे ही दुरुस्ती नव्हे.

७. नट पहिले तीन-चार फेरे हातानेच फिरला पाहिजे. फिरत नसेल तर पाइप तिरपा आहे. पान्याने ओढून त्याला सरळ करू नये. हाताने बसल्यावर, त्या मापासाठी सांगितला असेल तितकाच पीळ द्यावा.

८. सांगितलेलेच तेल खुणेपर्यंत भरावे. यंत्र तापेपर्यंत चालवून, बंद करून पुन्हा पूड लावून तपासावे. निघालेले तेल जमिनीवर ओतू नये, जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

एवढे करूनही महिन्याभरात गळती परत आली तर पाइपाची पकड पाहावी. कूलर सांगाड्याला बांधलेला, गिअरबॉक्स मात्र रबरी बुडांवर डोलणारा. मधल्या पाइपाला आधार देणारा क्लॅम्प तुटला असेल तर सगळे कंपन जोडणीपाशी येते आणि टोक पुन्हा चिरते. अनेकदा मूळ दोष या क्लॅम्पमध्येच असतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

मुलांना यंत्राखाली पाठवायचे नाही. पण पुढचे प्रयोग सहज करता येतील.

तार : जाड तांब्याची तार एकाच जागी चार-पाच वेळा वाकवा. दर वेळी ती वाकवणे जड जाते. आता तो भाग चिमट्यात धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या. तार पुन्हा मऊ झालेली आढळेल.

पट्टी : पोलादी पट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरा आणि मोकळे टोक छेडा. मोकळी लांबी निम्मी केली की वारंवारिता चौपट होते आणि टोकाचे हेलकावे कमी होतात. क्लॅम्प नेमके हेच करतो.

रबर : साध्या रबरबँडचे दोन सारखे तुकडे घ्या. एक पाण्यात, एक इंजिन ऑइलमध्ये आठवडाभर ठेवा आणि लांबी मोजा. तेलातला तुकडा फुगतो. तेलाच्या पाइपाऐवजी पाण्याची नळी का चालत नाही, हे मुले स्वतःच सांगतील.

कडे : जवळच्या गॅरेजमधून टाकाऊ फ्लेअर पाइप मागून आणा. चांगला आणि चिरलेला, दोन्ही भिंगाखाली दाखवा. जमल्यास त्या मिस्त्रींनाच तासाला बोलवा. त्यांच्या हाताला जे ठाऊक असते, त्याचे कारण मुलांनी शोधावे. आणि 'अजून किती आवळू?' याऐवजी 'कडे कुठे तुटले?' असा प्रश्न मुलांकडून आला, तर दाबाचा धडा त्यांना समजला असे खुशाल समजावे.